व्याह्यांच्या विहिरीत पावडर

माझा दीर विहिरीच्या कठड्यावर बसला होता, पाय आत सोडून. मी पावडरची बादली घेऊन उभी.

"वयनी, परवा पोरीचं लगीन, आनि दवाई आजच टाकतेस?"

"भाऊजी, उठा."

"वऱ्हाडाला वास येईल. त्यांना कळेल, इथं जुलाबाची साथ आहे."

"आहेच ना."

"आहे. पन ती त्यांना कशाला कळायला पायजे?"

आमची आळी निर्मळ गावाच्या बाजूला. ऐंशी सालानंतरची गोष्ट. नळ नव्हते, सगळं विहिरीवर. नवरा वारला तशी मी सरकारी दवाखान्यात आया म्हनून लागले. शाळा तिसरीपर्यंत. झाडू मारायचा, सुया उकळायच्या, आनि साथ आली की विहिरीत टीसीएल टाकायची. टीसीएल म्हनजे पांढरी पावडर, पान्यातले जंतू मारते. लोकांना वाटतं, पुडी फोडली आनि ओतली. तसं नसतं. आधी बादलीत कालवायची. चुना खाली बसला की वरचं निवळ पानी दुसऱ्या बादलीत घ्यायचं. ती दोराने विहिरीत सोडायची आनि पान्यात वर-खाली हलवायची. मग तासभर कोनी पानी भरायचं नाय.

पन मी बादली घेऊन निघाले की आळीत हंडे वाजायला लागायचे. मी पोचेपर्यंत बायांनी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवलेलं असायचं. जंतूवालं पानी, पन बिनवासाचं.

त्यांना काय बोलनार? माझा पहिला मुलगा जुलाबानेच गेला. तेव्हा पावडर घेऊन कोनी आलं नाय. आलं असतं तर मीपन हंडे भरले असते.

दीर शेवटी उठला, बडबडत. मी पावडर टाकली.

लग्नाला वऱ्हाड राजोडीहून आलं. विहीनबाईंनी तांब्या तोंडाला लावला आनि लगेच खाली ठेवला.

"पान्याला वास कसला हो?"

"पावडरचा. साथ आहे म्हनून टाकली."

मागे दिराने कपाळाला हात लावला.

"बाई गं!" विहीनबाई म्हनाल्या. "आमच्याकडं असलं काय नाय. आमची विहीर म्हनजे शहाळं. पन तुम्हाला कसं कळनार? नातू होईपर्यंत लेकीच्या घरचं पानी तुम्हाला चालायचं नाय!"

सगळे हसले. आमच्यात तशी रीतच आहे. लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या सासरचं पानी पीत नाय.

विहीनबाईंनी लगेच बैलगाडी पाठवली आनि आपल्या विहिरीचं पिंप भरून आनलं. वराकडची पंगत ते पानी प्याली. आमची पंगत वासाचं प्याली. दीर मला ऐकू जाईल असा म्हनाला, "सरकारी नोकरीत अक्कल पन सरकारजमा होते."

माझी वंदना सासरी गेली.

मांडव सोडला न सोडला तोच डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावलं.

"बाई, राजोडीला जायचंय. तुमच्या व्याह्यांच्या वाडीत जुलाब-उलट्या आहेत."

"आमच्या लग्नातनं गेल्या?"

"नाही हो. तिथे लग्नाच्या आधीपासूनच आहेत. आपला माणूस गेला होता, पण त्यांनी पावडर टाकू दिली नाही. वास आला तर मुलीकडच्यांना कळेल म्हणे."

एरवी मी हसले असते. पन त्या घरात माझी पोरगी होती.

"दुसऱ्या कुणाला पाठवू का?"

"नको. मीच जाते."

राजोडीला तेव्हा आतासारखं समुद्रावर फिरायला कोनी यायचं नाय, परकं मानूस विरळाच. माझ्या हातात बादली बघून कुत्रीसुद्धा भुंकली. विहीनबाई दारातच होत्या.

"सरकारी कामाला आलात का लेकीला बघायला?"

"आधी लेक दाखवा."

वंदना आत चटईवर पडलेली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले.

"हिला पानी दिलं नाय?"

"जुलाबात पानी कोन देतं? जेवढं पितील तेवढं जातं."

हीच मोठी चूक. जुलाबाने अंगातलं पानी जातं, आनि मानूस त्यानेच मरतो. जातं तेवढं आत घालत राहायला पायजे. मी चूल पेटवून पानी उकळलं, गार केलं, त्यात साखर आनि थोडं मीठ घातलं. चव बघायची, डोळ्यातल्या पान्यापेक्षा खारट झालं नाय पायजे. चमच्याचमच्याने पाजलं. उलटी झाली की जरा थांबायचं, परत पाजायचं. तिने डोळे उघडले तेव्हा चमचा तिच्या नंदेच्या हातात दिला आनि मी विहिरीवर गेले.

पावडर टाकली. मग तासभर मी कठड्यावर बसून राहिले, दिरासारखीच, पाय आत सोडून. वाडीतल्या बाया हंडे घेऊन लांब उभ्या.

तास झाला. मी पोहरा वर काढला. कोनी पुढे येईना.

विहीनबाई म्हनाल्या, "तुम्ही प्या आधी. मग आम्ही बघू."

त्यांना वाटलं, आता ही अडकली. रीत मोडनार नाय आनि पानी पिनार नाय.

मी ओंजळ धरली आनि म्हनाले, "ओता."

"अहो, नातू व्हायच्या आधी?"

"नातू व्हायला त्याची आई जगायला पायजे."

त्यांनी पोहरा कलता केला. मी पोटभर प्याले. शहाळं वगैरे काय नव्हतं, आमच्यासारखंच पानी होतं, जरा मचूळ. मग विहीनबाईंनी स्वतः ओंजळ धरली. नाक मुरडलं, पन प्याल्या.

वंदना हळूहळू उठून बसली. वाडीतली साथ पन गेली. दीर मरेपर्यंत लोकांना सांगायचा, वऱ्हाड आजारी पडलं ते वयनीच्या पावडरमुळं. मी कधी भांडले नाय. पुढच्या साथीत न सांगता विहिरीवरून उठला, तेवढं पुरे होतं.

आता सगळीकडे नळ आहेत. विहीनबाई माझ्याएवढ्याच म्हाताऱ्या. अजून पेला आधी नाकाला लावतात, आनि पावडरचा वास आला नाय की सुनेला हाक मारतात, "वंदना, आज पानी बरोबर नाय. उकळ."

जंतू त्यांना तेव्हा दिसला नाय, आता पन दिसत नाय. भरवसा नाकावरच आहे, फक्त बाजू बदलली. वंदना उकळते ना, बस.