उंबऱ्यावरची वेणी

पंचफुलाबाईच्या हाताला गुण आहे, ही गोष्ट आधी मेंढरांना कळली आणि मग माणसांना. माणसांना सगळंच उशिरा कळतं.

सेनगावचा रस्ता सोडून आत वळलं की एक गाव लागतं. त्या गावाच्या वरच्या अंगाला धनगरांची घरं, त्यातलं शेवटचं मसाजीचं. पंचफुलाबाई ही मसाजीची बायको. पावसाळाभर त्यांचा कळप गावातच असायचा. दिवाळी झाली की कनेरगाव नाक्याच्या दिशेनं निघायचा आणि शेतकऱ्यांच्या रानात खताला बसत बसत उन्हाळा काढायचा. एखादी मेंढी अडली की मसाजी बायकोला हाक मारी. ती येई आणि मेंढीच्या पोटावर हात धरी. टेकवायची नाही, बोटभर वर धरायची. तळव्याला ऊब लागली तर म्हणे, "जितं हाय." ऊब लागली नाही तर काही बोलत नसे. मसाजी काय ते समजे. मेंढी मात्र दोन्ही वेळा शांत होई.

पुढं बाया येऊ लागल्या. कुणाचं डोकं, कुणाचं रडकं लेकरू, कुणाच्या छातीत धडधड. पंचफुलाबाई नुसते हात धरायची. अंगारा नाही, लिंबू नाही, घुमणं नाही. "देवी येती का वं तुमच्या अंगात?" असं कुणी विचारलं की तिचं डोकं फिरायचं. "माझ्या अंगात मीच मावना, देवी कुठं घालू?"

हिंगोली जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी रागिणी मॅडम गावात आल्या. हिंगोलीतल्या एका मंगल कार्यालयात त्या ऊर्जा उपचाराचे वर्ग घ्यायच्या. पंचफुलाबाईचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी तिचे तळवे हातात घेतले, डोळे मिटले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"ही ऊर्जा आपली नसते, पंचफुलाबाई. ती वरून येते. आपण फक्त नळी."

"पाइप म्हना की."

मॅडम मनापासून हसल्या. बाई ढोंगी नव्हती, हे इथंच सांगून ठेवलेलं बरं. ढोंगी माणसं आपल्या अंगावरच्या विनोदाला हसत नाहीत. त्यांनी जाताना दोन गोष्टी शिकवल्या. एक, सकाळी डोळे मिटून बसायचं आणि आपलाच श्वास परक्यासारखा बघायचा. दुसरी, उपचार झाला की हात झटकायचे आणि मिठाच्या पाण्यानं धुवायचे. "दुसऱ्याचं दुःख घरी न्यायचं नाही."

दुसरी गोष्ट पंचफुलाबाईनं कानाआड केली. पहिली मात्र धरली. त्याला कारण होतं. तरणी असताना, कळप चालता असताना, तिला एक पोरगी झाली होती. वाटेतच झाली आणि वाटेतच गेली. कुणाच्या तरी रानाच्या बांधाला तिला पुरलं आणि सूर्य कलायच्या आत पुढं निघावं लागलं, कारण माणूस थांबतं, कळप थांबत नाही. पुढल्या वर्षी त्या वाटेनं येताना बांध ओळखू आला नाही. सगळे बांध सारखे, सगळ्यांवर तीच बोरीबाभळी. तेव्हापासून तिच्या आत काहीतरी सारखं चालत होतं. डोळे मिटून बसायला लागल्यावर ते पहिल्यांदा खाली बसलं.

त्या भादव्यात किसनरावांची प्रतिक्षा गेली.

किसनराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार. मसाजीचा कळप दरवर्षी आधी त्यांच्याच रानात बसायचा. प्रतिक्षा त्यांची एकुलती एक लेक, दुसरीत होती. आईच्या मागं कपाशीत गेली आणि तिला पान लागलं. सापाचं नाव घेऊ नये म्हणून आपल्याकडं पान म्हणतात. साप त्यानं सभ्य होत नाही. दवाखान्यात नेताना जीप चिखलात रुतली. त्या रस्त्याचा नारळ तीनदा फुटला होता, रस्ता एकदाही झाला नव्हता. पोरगी जीपमध्येच गेली, आईच्या मांडीवर.

पितृपक्ष सरल्यावर किसनराव स्वतः धनगरांच्या वस्तीवर आले. हा माणूस कधी कुणाच्या दारात उभा राहिलेला नव्हता.

"पंचफुला, जरा घरी चाल."

"काहून मालक?"

"आमच्या बाईला बघ. रडली न्हाई अजून. तू डोळ्यानंच बघ, मला सांगता येईना."

सकाळची वेळ, पोरं शाळेला निघायची. गोजरबाई, किसनरावांची बायको, उंबऱ्यावर बसली होती. गुडघे फाकलेले, हातात फणी. गुडघ्यांच्या मधे कुणी नव्हतं. ती हवेतून फणी फिरवत होती. वरून खाली, गुंता आला की थांबून, पुन्हा खाली. मधोमध भांग पाडला. उजवीकडचे तीन पदर केले, बोटं एकावर एक टाकत खालपर्यंत आली, तांबडी रिबीन बांधली. रिबीन खाली पडली. ती पडलेल्या रिबिनीकडं बघून म्हणाली, "हालू नको गं." मग डावी वेणी.

"दिवसातून एवढंच बोलती," किसनराव म्हणाले आणि तोंड फिरवून गोठ्याकडं गेले.

पंचफुलाबाई त्यांच्या मागं गेली. गोठ्यात गाय उभी होती. तिच्या शेपटीच्या गोंड्याला कुणीतरी वेणी घातली होती, वेडीवाकडी, सैल.

"पोरीनंच घातलेली," किसनराव म्हणाले. "शिकून राहिली व्हती. मधला पदर निसटायचा तिचा. सोडवायला हात होत न्हाई कुनाचा."

पंचफुलाबाई परत उंबऱ्याशी आली आणि गोजरबाईच्या डोक्यावर बोटभर वर हात धरले. काहीच लागलं नाही. आजारी माणसावरसुद्धा काहीतरी लागतं. इथं उघड्या तोंडाच्या विहिरीवर हात धरल्यासारखं झालं. तिनं हात खाली आणले. कपाळ, छाती, पोट, सगळं तसंच. आणि हात मागं घेताना ते चुकून गोजरबाईच्या गुडघ्यांमधून गेले.

तिथं ऊब होती.

मोकळ्या हवेत, दुसरीतल्या पोरीच्या डोक्याएवढ्या उंचीवर, ताज्या भाकरीवर धरावा तसा तळवा गरम झाला. पंचफुलाबाईनं हात काढला, परत धरला. ऊब हलली. जरा डावीकडं सरकली, जशी कंटाळलेली पोर सरकते.

"हालू नको गं," गोजरबाई म्हणाली.

पंचफुलाबाई तडक घरी आली. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर त्या घराची पायरी पुन्हा चढली नसती. पण या बाईला स्वतःच्या हातांचा अभिमान होता, आणि अभिमानी माणूस घाबरलं की माघार घेत नाही, काहीतरी करून बसतं.

मेंढीचं पिलू मेलं आणि ती दुसऱ्या पोरक्या पिलाला पाजेना, तर धनगर काय करतात, तर मेलेल्या पिलाचं कातडं काढून त्या पोरक्याच्या अंगावर चढवतात. मेंढी हुंगते, वास ओळखते आणि पाजू लागते. चार रोजांनी कातडं काढून टाकायचं, तोवर पिलू तिचं झालेलं असतं. पंचफुलाबाईच्या हातून अशा कितीतरी मेंढ्या माणसात आल्या होत्या. तिला वाटलं, आई ती आई.

मसाजीच्या कळपात एक पोरकं कोकरू होतं. दुसऱ्या सकाळी तिनं ते उचललं, किसनरावांकडून प्रतिक्षाचा न धुतलेला फराक मागून घेतला, कोकराच्या अंगात घातला आणि गोजरबाईच्या गुडघ्यांमधे नेऊन ठेवलं.

गोजरबाईची फणी थांबली. तिनं वाकून फराक हुंगला, पुन्हा हुंगला. आणि कोकराला छातीशी घेऊन म्हणाली, "किती उशीर केलास."

त्या दिवशी ती जेवली. दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. गावभर झालं, पंचफुलाबाईनं मेलेल्या बाईत जीव घातला. रागिणी मॅडम मुद्दाम जीप करून आल्या. दिवाळीनंतर हिंगोलीत मेळावा होता; तिथं गोजरबाईला घेऊन यायचं, पंचफुलाबाईला मंचावर खुर्ची. "लोकांना कळू द्या, शांती अशीही मिळते," मॅडम म्हणाल्या. खुर्चीचं नाव काढल्यावर पंचफुलाबाईनं सेनगावातून नवं लुगडं आणलं. मसाजी म्हणाला, "बसून बग आधी घरी. एकदम खुर्चीवर बसली तर पडशील, डाक्टरीनबाई."

"तुमी मेंढरं मोजा," ती म्हणाली.

चार रोज झाले तशी ती कोकराचा फराक काढायला गेली. गोजरबाईनं तिचा हात धरला.

"थंडी वाजंल तिला."

दिवाळी जवळ आली तरी फराक अंगातच. आणि कोकराचं काहीतरी बिघडत चाललं. ते ओरडेना. कळप दारावरून गेला तरी मान वळवेना. गवताला तोंड लावेना, वाटीतलं दूध प्यायचं तेवढंच. वाढलंही नाही. शाळेची वेळ झाली की आपण होऊन उंबऱ्याशी यायचं, गोजरबाईच्या गुडघ्यांमधे पाठमोरं बसायचं आणि मानेवरच्या लोकरीच्या दोन वेण्या होईपर्यंत हलायचं नाही. मेंढरू असं बसत नाही. कुणाचंच मेंढरू असं बसत नाही.

पंचफुलाबाईनं त्याच्यावर हात धरला. जितं जनावर, डोळे उघडे, श्वास चालू. आणि तळव्याला काही नाही.

"मेंढीचं कातडं आपन काढतो," मसाजी घरी म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. "बाईचं कोन काढनार? अन् कोकरू दिवाळी बघत न्हाई, मी सांगून ठिवतो."

ती परत गेली. कोकरू मांडीवर होतं. "गोजरबाई, हे जनावर हाय वं. जगत न्हाई आता. द्या मला."

गोजरबाई अगदी शहाण्या बाईसारखी हसली. "एकदा मांडीवरून गेली. आता गेली तर मी बी तिच्या मागं. हीर कुठं लांब हाय?"

मग पंचफुलाबाईची झोप गेली. सकाळी डोळे मिटून बसावं तर आतला गाळ पुन्हा ढवळलेला. कोकरू मरणार होतं, त्याच्यामागं बाई जाणार होती, आणि हे सगळं तिनं आपल्या हातांनी केलं होतं.

दिवाळीच्या आदल्या सकाळी ती किसनरावांच्या दारात गेली, तेव्हा कोकराला उठून उभं राहता येत नव्हतं. ते उंबऱ्याशी आडवं पडलं होतं आणि गोजरबाई फणी घेऊन त्याच्या उठण्याची वाट बघत होती. डोळे विहिरीच्या वाटेकडं.

पंचफुलाबाईनं हात धरले नाहीत. काय करावं ते तिला माहीत नव्हतं, हे खरं. ती नुसती पुढं झाली, डोक्यावरचा पदर काढला, अंबाडा सोडला आणि गोजरबाईच्या गुडघ्यांमधे पाठ करून खाली बसली. त्या जागेत. तिच्या दोन्ही खांद्यांना ऊब लागली, कुणीतरी चिकटून, अंग चोरून जागा देत असल्यासारखी.

"घाला माझी येनी," ती म्हणाली. "माझी माय मेल्यापासून कुनी घातली न्हाई."

बराच वेळ काही झालं नाही. मग फणी तिच्या पांढऱ्या केसांत शिरली.

"मला बी एक व्हती," पंचफुलाबाई समोर बघत बोलू लागली. "कनेरगावच्या वाटंला झाली. तितंच गेली. पुरली अन् चालाय लागले. आता तो बांध बी सापडत न्हाई मला."

उजवी वेणी होत होती. बोटं एकावर एक पडत होती.

"नाव काय ठिवलं व्हतं?" गोजरबाईनं विचारलं.

"न्हाई ठिवलं. येळ कुठं व्हता?"

बोटं थांबली. "बिननावाची?" गोजरबाई म्हणाली. "माय माझे. बिननावाचीच धाडली?" आणि तिनं हंबरडा फोडला. आधी पंचफुलाबाईच्या त्या बिननावाच्या पोरीसाठी, मग रडता रडता स्वतःच्या पोरीसाठी. गोठ्यातून किसनराव धावत आले आणि खांबाला धरून उभे राहिले. पंचफुलाबाई जागची हलली नाही. तिच्या पाठीवर सगळं ओलं झालं.

किती वेळानं कोण जाणे, गोजरबाईनंच हात लांब करून कोकराच्या अंगातला फराक काढला. काढला, घडी घातली, मांडीवर ठेवला. कोकरू थरथरलं, आणि ओरडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओरडलं, चांगलं गावाला ऐकू जाईल असं. धडपडत उठलं आणि बांधलेल्या वेण्यांसकट कळपाच्या वाटेला लागलं.

"एकच झाली येनी," गोजरबाई डोळे पुसत म्हणाली. "दुसरी रिबीन कुठं गेली बाई?" उंबऱ्यावर, पायरीवर, कुठंच सापडली नाही. "राहू द्या," पंचफुलाबाई म्हणाली. निघताना तिनं सवयीनं उंबऱ्यावर हात धरला. हवा नुसती हवा होती.

तिनं हात झटकले नाहीत. वाटेत डावीकडच्या केसांना वारा ओढत होता. झाडाचं पान हलत नव्हतं. तिनं मागं वळून बघितलं नाही.

मसाजी मेंढवाड्याची जाळी गुंडाळत होता. तिला बघून हसला. "आगं, ह्या वयात दोन येन्या? शाळंत नाव घातलं का काय?"

"एक गोजरबाईनं घातली."

"अन् दुसरी?"

तिचा हात डावीकडं गेला. तांबडी रिबीन लागली. वेणी सैल होती, वेडीवाकडी, आणि मधला पदर निसटलेला होता.

हिंगोलीच्या मंचावरची खुर्ची रिकामी राहिली. रागिणी मॅडम रागावल्या, मग स्वतः वस्तीवर आल्या, ती वेणी बघितली आणि काही न विचारता तिच्याशेजारी डोळे मिटून बसून गेल्या. त्यानंतर पंचफुलाबाईनं कुणावर हात धरला नाही. बाया आल्या की म्हणायची, "हात ऱ्हाऊ दे. बस, सांग मला."

दिवाळी सरली, मेळावा झाला, मग कळप निघाला. त्या वर्षी तीही बरोबर चालली. कनेरगाव नाका अजून लांब होता, दोन्ही अंगाला तूर उभी होती, बांधामागून बांध जात होते, सगळे सारखे. एका बांधाशी तिची डावी वेणी ओढली गेली. हळूच, जरा घाबरत.

"थांबवा," ती म्हणाली.

"कळप थांबत असतो व्हय?" मसाजी म्हणाला. मग त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काठी आडवी धरली.

पंचफुलाबाई बांधावर चढली, बोरीबाभळीखाली बसली, आणि दोन्ही तळवे मातीवर टेकवले.

मेंढरं चरत चरत तिच्याभोवती पसरली. बांधलेल्या वेण्यांचं ते कोकरू आलं आणि तिच्या गुडघ्यांशी गवत खाऊ लागलं.

"जितं हाय का?" मसाजीनं खालून विचारलं. त्याला दुसरं काय विचारावं ते सुचलं नाही.

ती पोरीचं नाव ठरवत होती.