सोवेटोच्या मुलांचं जलदान

आमच्यात माणूस गेलं की जलदान करतात. घरचं कुणीतरी तांब्यातलं पाणी ताटातल्या वाटीत हळूहळू ओततं, वाटी भरून वाहू लागते आणि सगळे मिळून गेलेल्याला निरोप देतात. माझ्या आत्याने आपल्या मुलाचं जलदान होऊ दिलं नव्हतं. दोन पावसाळ्यांपूर्वी तो सावित्री नदी ओलांडताना वाहून गेला आणि प्रेत काही मिळालं नाही. कुणी विषय काढला की ती म्हणे, "मेलेला कुनी बगितलाय? आनून दाखवा." दार वाजलं की अजूनही ताडकन उठायची. तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. माझीही नाही, आणि मी काही कुणाचं ऐकून घेणारी नव्हते.

शहात्तर सालच्या जूनमधली गोष्ट. मी महाडला शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. रविवारी पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत येताना वर्तमानपत्र आणायचे, आणि विहारात वंदना झाली की ते मोठ्याने वाचायचं काम माझं. त्या रविवारी बातमी दक्षिण आफ्रिकेतली होती. गोऱ्या सरकारने काळ्या मुलांवर आपली भाषा लादली होती, गणितसुद्धा त्याच भाषेत शिका म्हणून. सोवेटोतली मुलं शाळा सोडून रस्त्यावर आली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कितीतरी मुलं मेली.

माझ्या वर्गातली पोरं त्याच वयाची. विहारातले विधी बाबा करत. मी त्यांना म्हटलं, "यांचं जलदान करू या."

चुलते म्हणाले, "कुठली कोन पोरं, आपला काय संबंध? बौद्ध तरी हायत काय ती?"

माझं डोकंच फिरलं. "महाडच्या तळ्यावर पाणी प्यायले म्हणून आपल्या म्हाताऱ्यांनी मार खाल्ला, तेव्हा आपला संबंध कुणाला वाटला होता?"

बाबांनी खरी अडचण सांगितली. "गो बाय, पानी वताया नात्याचं मानूस लागतं. हितं त्यांचं कोन हाय?"

तेवढ्यात बायकांमधून आत्या उठली आणि तिने माझ्या हातातलं वर्तमानपत्र घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. ती फोटो बघत होती. एक तरुण एका मुलाला दोन्ही हातांवर घेऊन चाललाय, बाजूने एक मुलगी रडत धावतेय.

"ह्याची आय कुठं हाय?"

"फोटोत नाही. घरी असेल."

"म्हंजे तिला ठावंच नाय अजून. वाट बगत असंल. कुनीतरी सांगाया पायजे गो तिला."

"हो आत्या," एवढंच मी म्हणाले. मला तिची इतकी दया आली की तिच्याकडे बघवेना.

ती पुढे जाऊन बाबांसमोर बसली. "मी वतते."

बाबांनी तिच्या हातात तांब्या दिला आणि गाथा सुरू केली. सगळ्यांनी हात जोडले, चुलत्यांनीही. वाटी भरली, पाणी ताटात उतरलं. विधी संपल्यावर तांब्या घ्यायला बाबांनी हात पुढे केला, पण आत्याने तो सोडला नाही.

"दादा, आनखी पानी घाल ह्यात," ती म्हणाली. "माझ्या पोराचं ऱ्हायलंय."