अक्काची हाडं

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, केजजवळच्या एका वतनदाराच्या घरी दिलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आमच्या रानात ती बाभळीवर चढायची, बैल पाण्यावर न्यायची. सासरी गोषा होता. घराणं मोठं म्हणून बायका उंबऱ्याबाहेर पडत नसत. माळवदाखालच्या त्यांच्या खोल्या आतल्या अंगाला. छतातल्या झरोक्यातून वीतभर ऊन जमिनीवर पडायचं आणि सरकून जायचं. वडिलांना या सोयरिकीचा भारी अभिमान. "पोरगी सावलीत बसून खाईल," असं ते भेटेल त्याला सांगत.

तिसऱ्या बाळंतपणानंतर ती माहेरी आली तेव्हा पाय फाकून, डुलत चालत होती. उठताना मांड्यांवर हात रोवायची. मी तिच्या चालीची नक्कल करून दाखवली. ती हसली, मग हळूच म्हणाली, "हाडात दुखतंय रे. लई दुखतंय. तिकडं कुणी खरं मानीत न्हाई. सासूबाई म्हणत्यात, कामाचा कंटाळा हाय."

आईनं आठ दिवस तेल चोळलं. नवव्या दिवशी वडिलांनी तिला गाडीत बसवून परत धाडलं.

पुढं मी हैदराबादला वैद्यकी शिकायला गेलो. तिथं सगळं उर्दूत. एके दिवशी आमच्या शिक्षकांनी बरणीतून कोंबडीच्या तंगडीचं हाड काढलं. बरेच दिवस तेजाबात, म्हणजे आम्लात, ठेवलेलं. त्यांनी सुतळीसारखी त्याची गाठ मारली. वर्ग हसला. "चुना निकल गया, सिर्फ धागे बचे," ते म्हणाले. "हड्डी पत्थर नहीं है, जिंदा चीज है."

मग ते सांगत गेले. हाडात चिवट तंतूंचं विणकाम असतं आणि त्यात चुना बसलेला असतो. काही पेशी हाड बांधतात, काही ते कुरतडून खातात, काही बारीक बारीक कोनाड्यांत बसून राखण करतात. हे काम जन्मभर थांबत नाही. आतल्या मगजात रक्त तयार होतं. रक्ताला चुना कमी पडला की तो हाडातून काढला जातो. पोटातल्या बाळालाही आईच्या हाडातलाच मिळतो. आईच्या अंगाला ऊन नसेल, पोटात दूध नसेल, तर पेशी तंतू विणतात पण त्यात चुना भरत नाही. हाड मऊ पडतं, कमरेचा सांगाडा दबतो, बाळाची वाट अरुंद होते. पडद्यातल्या बायकांत हे फार दिसतं, असं ते म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले. माझं पुढं काही लिहून झालं नाही.

सुटी लागताच मी थेट केजकडे गेलो. अक्काला पाचवा महिना होता. ती भिंतीला धरून बाहेर आली. मी दाजींना म्हणालो, "दाजी, तिला रोज तासभर माळवदावर उन्हात बसवा. दूध द्या, माशाचं तेल मी पाठवतो. बाळंतपण हैदराबादला, बायकांच्या दवाखान्यात करू. घरी होणार नाही."

दाजी सुपारी कातरत होते. "आमच्या बायका माळवदावर बसल्या तर गाव काय म्हणंल? आन् तीन झाली की हितंच. चौथं कावून व्हणार न्हाई?"

"हाडं मऊ झालीत तिची."

"दोन बुकं शिकलास, आन् आमाला हाडं शिकवतोस?"

मी बीडला घरी येऊन वडिलांच्या पाया पडलो, तुम्ही तरी चला म्हणालो. ते म्हणाले, "दिलेल्या लेकीच्या संसारात आपण बोलू नये." तेलाची बाटली मी पाठवली. ती वासामुळं घरात घेतलीच नाही, हे मला नंतर कळलं.

अक्का तीन दिवस अडली. सुईणीनं हात टेकले. मी पोचलो तेव्हा अक्का आणि बाळ, दोघंही गेली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला गेलो. हाताला येणारं हाड बोटांत चुरत होतं. धड तुकडे मूठभरही निघाले नाहीत. दाजींचे चुलते हात जोडून म्हणाले, "हाडंसुदिक ठिवली न्हाईत मागं. लई पुण्यवान बाई." सगळ्यांनी माना हलवल्या. वडिलांनीही. मला ओरडावंसं वाटलं, पण मी गुडघ्यावर बसून राख गोळा करत राहिलो. त्याची लाज मला आजही आहे.

दोन महिन्यांत दाजींचं दुसरं लग्न ठरलं, आष्टीकडची मुलगी. मी घोड्यावरून तिच्या बापाकडे गेलो आणि सगळं सांगितलं: ऊन, दूध, मऊ पडणारी हाडं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी पयल्या बायकूचे भाऊ," तो म्हणाला. "तुमच्या पोटात जळणारच."

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. आमच्या वडिलांना मानाचं बोलावणं आलं, आणि ते फेटा बांधून गेले.