बाटलीतली थंडी

बाटली मी उजेडात धरली. तळाशी काचेचे बारीक कण चमकत होते.

मस्कतपासून दूर, जबल अख्दरच्या डोंगरावरच्या हॉटेलात मी वाइनचं कपाट दुरुस्त करायला गेलो होतो. मी एसी-फ्रिजचा मेकॅनिक. गाव देवगडजवळ, शाळा नववीत सुटली. काम शिकलो ते मस्कतजवळच्या सीबच्या वर्कशॉपमध्ये, तिथल्या लोकांच्या मेहेरबानीने. मस्कतात सगळ्यांची एकच तक्रार असते, थंड होत नाही. इथे उलटं. कपाटात चौदा डिग्री पाहिजे होते, डिस्प्ले तीन दाखवत होता.

कपाट बिघडलंच नव्हतं. त्यातला कॉम्प्रेसर फक्त थंड करू शकतो, गरम नाही. आणि जानेवारीत या डोंगरावर तोंडातून वाफ निघते. स्टोअररूमचाच फ्रिज झाला होता. कॉम्प्रेसर बिचारा आठवडाभर सुरूसुद्धा झाला नव्हता. मी छोटा हीटर आणि त्याला वेगळा थर्मोस्टॅट लावायचं ठरवलं. त्यासाठी बाटल्या बाहेर काढताना ही हातात आली. लेबल छापील नव्हतं, पेनाने लिहिलेलं.

रेस्टॉरंटचे मॅनेजर फ्रान्सिस सर वसईचे. त्यांनी बाटली बघितली आणि चेहराच उतरला.

"संतोष, कुठे आपटलीस?"

"नाही सर, आईशप्पथ!"

"आईला कशाला मधे आणतोस? मार्था मॅडमची आहे रे ही."

मार्था मॅडम सत्तरीची पाहुणी. कुठल्याशा थंड डोंगराळ भागात तिचा द्राक्षाचा मळा. तिथे वाइन होते हे त्यांच्या देशातही फारसं कुणाला माहीत नाही म्हणे. नवरा गेल्या वर्षी वारला. त्याच्या हातची ही शेवटची बाटली तिने आठवड्यापूर्वी कपाटात ठेवायला दिली होती. मस्कतला नोकरी करणारी मुलगी संध्याकाळी येणार होती, मग दोघी मिळून उघडणार होत्या.

"मलमलच्या कपड्यातून गाळतो," सर हळूच म्हणाले. "कुणाला कळणार नाही."

"आणि एखादा कण राहिला तर? घशात गेला तर, सर?"

त्यांनी बाटली परत माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "चल. पण तूच सांग. माझ्याच्याने नाही होणार."

माझा व्हिसा रिन्यूला आला होता. एक तक्रार अर्बाबच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, कानावर गेली, की खलास.

मॅडम सकाळी गावातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतले द्राक्षवेल बघून आली होती. आता व्हरांड्यात शाल गुंडाळून बसली होती. मी बाटली दोन्ही हातांनी पुढे केली.

"मॅडम, सॉरी. आत ग्लास आहे. प्लीज, नो ड्रिंक."

तिने बाटली उन्हात तिरकी केली. बराच वेळ बघत राहिली. मग मोठ्याने हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. ती बोलत गेली, सर मला मराठीत सांगत गेले.

ही काच नाही. द्राक्षातल्या आंबटपणाचाच क्षार आहे. वाइन फार गार झाली की त्याचे खडे होऊन तळाशी बसतात. पोटात गेले तरी काही होत नाही. मोठ्या कंपन्या वाइन आधीच गार करून ते काढून टाकतात. तिचा नवरा ऐकायचा नाही. दर हिवाळ्यात दुकानदार बाटल्या परत पाठवायचे.

"किती भांडलोय आम्ही यावरून!" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, या वाळवंटात बाटली शिजून जाईल. हिला तर घरचाच हिवाळा मिळाला."

मग तिने माझा हात हातात घेतला. माझा हात बर्फासारखा झाला होता. "तू स्वतः सांगायला आलास," एवढंच म्हणाली. मी "थँक्यू मॅडम, थँक्यू" करत राहिलो.

हीटर लागला, डिस्प्ले चौदावर आला. अर्बाबला यातलं काही कळलं नाही, व्हिसा रिन्यू झाला. त्या संध्याकाळी सरांनी वाइन अगदी सावकाश ओतली, खडे तळाशीच राहतील अशी. रिकामी बाटली धुवायची नाही, असं मॅडमने बजावलं होतं. खड्यांसकट ती बॅगेत भरून घेऊन गेली.

तेव्हापासून बाटलीत काही चमकलं, तर मी आधी बाटलीच्या मालकाला विचारतो. मॅनेजरला नंतर.