नानांच्या मानेखालची उशी

११ फेब्रुवारी २०२५, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. जळगावच्या रेडिएशन विभागात माझ्या पडद्यावर एकाच माणसाच्या दोन माना होत्या. एक आमच्या सीटी स्कॅनमधली, सरळ. दुसरी धुळ्याहून आलेल्या एमआरआयमधली, हनुवटी छातीकडे झुकलेली. माणूस म्हणजे नाना, दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचे लिलाव पुकारणारे. गाठ जिभेच्या मुळाशी, स्वरयंत्राच्या अगदी वर. तिची कड एमआरआयमध्येच स्पष्ट दिसत होती. किरणांचा मारा मात्र सीटीवरूनच आखायचा. मणक्यांवर अकरा मिलिमीटरचा फरक होता. तसेच पुढे गेलो असतो तर नानांचा आवाज जाण्याची भीती होती.

सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमा ताणून जुळवण्याची सोय असते. वरिष्ठांनी ती वापरली. कडा जुळल्या, मणके मात्र कणकेसारखे वाकले.

"सर, हाड असं वाकत नाही."

"रेघेवर रेघ बसली ना? तुझ्या पीएच.डी.साठी पेशंट ताटकळत ठेवायचा का?"

माझ्या पीएच.डी.चा येथे काहीएक संबंध नव्हता. संताप आला तो त्या वाक्यातल्या सराईतपणाचा. भौतिकतज्ज्ञ म्हणून या आखणीवर मी सही करणार नाही, एवढेच सांगितले आणि धुळ्याला फोन लावला. मानेखाली ठेवायचा कडक आधार आम्ही नानांसोबत पाठवला होता. त्यावर इंग्रजीत एक ओळ, उशी देऊ नये.

"ताई, आधार पिशवीतच राहिला," तिथला तंत्रज्ञ म्हणाला. "त्यांच्या बहिणीनं उशी द्यायला लावली."

ती बहीण, अक्का, बाहेर बाकावर नानांशेजारीच बसली होती. मी कडक आवाजात जाब विचारला.

"जित्ता माणूस शे तो," अक्का म्हणाल्या. "फळीवर, उशीबिगर, कोण निजाडस?"

बिनउशीचे, सपाट, आमच्याकडे प्रेतालाच निजवतात. खानदेशात वाढलेल्या आमच्या अख्ख्या विभागाला हे ठाऊक होते. तरी ती ओळ लिहिताना, कारण सांगण्याची तसदी न घेता, आम्ही अक्कांकडून आज्ञापालनाची अपेक्षा केली होती. माझा राग फिरून आमच्याच दारात आला, आणि कमी मात्र झाला नाही.

"एक उशीना कितला लिलाव?" नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले.

मी अक्कांना आत नेऊन पडद्यावरच्या दोन्ही माना दाखवल्या. त्यांनी आधार हातात घेतला, बोटाने ठोकून पाहिला.

"मंग हाई टणक उशीच शे ना?"

"उशीच, अक्का. नानांच्या मानेच्या मापाची."

दुसऱ्या दिवशी एमआरआय पुन्हा काढायला मी त्यांच्यासोबत धुळ्याला गेले. अक्कांनी आधारावर नानांच्या उपरण्याचा एकेरी पदर अंथरला आणि त्यांचे डोके स्वतः टेकवले. तेवढ्या कापडाने काही बिघडत नव्हते. मी राहू दिले.

संध्याकाळी जळगावला परतून प्रतिमा जुळवल्या, काहीही न ताणता. वरिष्ठ मागे येऊन उभे राहिले.

"बघ, जुळतातच. उगाच एक दिवस घालवलास."

मी मणक्यांवरचा फरक पुन्हा मोजला आणि नोंदवला: १.२ मिलिमीटर.