गुरुवारचं गणित आणि घरचं माणूस

परवा चहा पिताना मेल्विन म्हणाला, "तीन वर्षांत गणित किती शिकलो ठाऊक नाही, पण किस्से म्हातारपणापर्यंत पुरतील." खरं आहे. आणि या सगळ्याला जबाबदार एकच माणूस, आमचे नाईक सर.

परळच्या आमच्या कॉलेजात दर गुरुवारी एक विद्यार्थी बोलतो. विषय गणिताचा, पण रोजच्या जगात कामाला येणारा. सरांचा नियम असा, की बोलणाऱ्याने घरचं एक माणूस आणून पहिल्या बाकावर बसवायचं. शेवटी सर त्या माणसाला विचारणार, "काय कळलं?" त्याला सांगता आलं नाही, तर पुढच्या गुरुवारी तेच भाषण पुन्हा.

मला हा नियम फार आवडतो. गणित म्हणजे चार हुशार लोकांची खासगी मालमत्ता नाही, हे मी कॅन्टीनमध्ये इतक्यांदा सांगितलंय, की मी तोंड उघडलं की लोक ताटं उचलतात. आमच्यातल्या श्वेताला मात्र नियमाची धास्ती होती. तिच्या पप्पांनी बजावलं होतं, "तुझं भाषण ऐकतो. उपयोगाचं वाटलं तर एमएस्सी, नाहीतर बँकेच्या परीक्षा."

* * *

मेल्विन गिरगावचा. त्याचा विषय होता, रस्त्यांच्या जाळ्यातून सगळ्यात जवळचा रस्ता कसा शोधायचा. त्याने फळ्यावर गल्ल्यांसकट गिरगाव काढलं. सरांनी विचारल्यावर त्याची मम्मी फळ्याजवळ गेली आणि बोटाने बरोबर रस्ता दाखवला. मग म्हणाली, "कळलं सगळं. फक्त एक सांगा सर, याला इतकं येतं, तर कोपऱ्यावरून पाव आणायला पाऊण तास कसा लागतो?"

भाषण पास झालं. मेल्विन अजून सावरलेला नाही.

* * *

माझा विषय, मोबाइलवर पाठवलेला मेसेज मधल्या कुणाला का वाचता येत नाही. मी मामाला आणलं. तो शिवडीला गोदामात सुपरवायझर आहे. मी जीव तोडून बोलले. मूळ संख्यांवर आले तेव्हा आवाज चांगलाच चढला होता. टाळ्याही पडल्या.

"काय कळलं?" सरांनी विचारलं.

मामा उभा राहिला. "भाचीला हा विषय खूप आवडतो, हे कळलं."

"आणि विषय कुठला?"

"ते तिने सांगितलं नाही."

पुढच्या गुरुवारी पुन्हा.

* * *

एकदा सर आम्हाला शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगो मोजायला घेऊन गेले. फोटो काढायचा, त्यावर चौकटी आखायच्या, एका चौकटीतले पक्षी मोजून गुणायचे. माझ्या चौकटीत नुसता चिखल आला, त्यामुळे माझ्या हिशेबाने खाडीत एकही पक्षी नव्हता. मेल्विनच्या हिशेबाने ते मावायला खाडी अपुरी पडत होती.

सर समोरच्या गुलाबी थव्याकडे बघत मला म्हणाले, "तुझं उत्तर यांना तू सांगतेस की मी सांगू?"

* * *

श्वेता सावंत वरळीच्या चाळीतली. चाळीच्या जागी टॉवर झाला आणि कुणाला कुठला मजला, हे चिठ्ठ्या उचलून ठरणार होतं. पहिला उचलेल त्याला समुद्राकडचा वरचा मजला मिळायची शक्यता जास्त, अशी अख्ख्या चाळीची खात्री. पहिलं कोण, यावरून तिचे पप्पा आणि शेजारचे शिंदेकाका वर्षभर भांडत होते.

श्वेताने नेमका तोच विषय घेतला. वर्गात डबा फिरवला, प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलली. "कुणी उघडू नका," ती म्हणाली. "आता वरचा मजला कुणाच्या तरी मुठीत आहे. तो पहिल्याच्याच मुठीत असायला काही कारण आहे का?" पहिला असो की शेवटचा, शक्यता सारखीच.

"काय कळलं?" सरांनी विचारलं.

"कळलं सगळं," सावंतकाका म्हणाले. "पटलं नाही."

नियमात याची सोय नव्हती. मेल्विन हळूच म्हणाला, "सर, कळलं म्हणजे पास ना?" श्वेता पुसलेलाच फळा पुसत राहिली.

त्यानंतर काका रोज जेवणं झाली की चिठ्ठ्यांचा डबा काढून बसायचे. कधी काकू आधी उचलायच्या, कधी श्वेता. काका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खुणा करायचे आणि चिठ्ठ्या पुन्हा डब्यात टाकायचे. एमएस्सीचं नाव काढायची श्वेताची हिंमत होत नव्हती.

सोडतीच्या दिवशी मी आणि मेल्विनही गेलो. पहिलं नाव सावंतांचंच पुकारलं. काका उठले आणि शेजारी वळून म्हणाले, "शिंदे, तू हो पुढे."

शिंदेकाका जागचे हलले नाहीत. "वर्षभर भांडलास आणि आता मला पुढे ढकलतोस? काहीतरी कळलंय तुला. तूच जा."

"अरे, आधी काय नि नंतर काय, सारखंच असतं."

"कोण म्हणतं?"

टेबलामागचा अधिकारी डब्यावर हात ठेवून थांबला.

काकांनी मागे श्वेताकडे बोट दाखवलं. "ती म्हणते. एमएस्सी करतेय गणितात."