तिसऱ्या वळणावरचं धुकं

माझ्या धाकट्या भावाला सगळे पंच म्हणतात. त्याचं टायरचं दुकान आहे, त्यामुळे नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, नाव पंक्चरवरून पडलं असावं. तसं नाही. तो निकाल देतो. चहा, जावई, डांबर, डॉक्टर, कशावरही मत मागा, दहापैकी गुण तयार. मात्र त्याचं खरं राज्य दोनच विषयांवर: टीव्हीवरची ती आखीव कुस्ती आणि गोल ट्रॅकवर गाड्या पळवायचे व्हिडिओ गेम. वय वर्षे एकसष्ट.

या मतांची लेखनिक मी. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि आता शनिवारी दुपारी त्याच्या दुकानावरच्या खोलीत टंकत बसते. त्याच्या बोटांना टायरचं काळं कायमचं बसलंय, शिवाय ऱ्हस्वदीर्घाशी त्याचं जुनं वैर. तो बोलतो, मी लिहिते, आणि ते इंटरनेटवरच्या शौकिनांच्या एका मंडळावर जातं. हसू नका. तिथे चारशे माणसं त्याच्या निकालाची वाट बघतात. मीही आधी हसले होते.

"अरे, या कुस्तीत कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं ना? मग बघायचं काय?" असं मी पहिल्याच शनिवारी विचारलं.

"ताई, कोण जिंकणार ते ठरलेलं असतं. पण ठरवून जमीन मऊ होते का?" तो म्हणाला. "जिंकणाऱ्याला काय, हात वर करायचा. कारागीर तो हरणारा. पाठ अशी टेकवायची की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी कामावरही जाता आलं पाहिजे. मी गुण पडणाऱ्याला देतो."

आणि खरंच, त्याच्या वहीत जिंकणाऱ्यांची नावं अर्धवट असतात. हरणाऱ्यांची पूर्ण.

गाड्यांचंही तसंच. लोक म्हणतात, नुसतं डावीकडे वळत राहायचं, त्यात काय एवढं? हा म्हणतो, सतत डावीकडे वळलं की सगळा भार उजव्या पुढच्या चाकावर येतो. ते चाक वीस फेऱ्यांत दमलं नाही, तर गेम बनवणाऱ्यानं जन्मात जॅक हातात धरलेला नाही. यावर मला बोलायला जागा नाही. पदार्थविज्ञान त्याच्या बाजूचं आहे. इस्त्रीच्या टेबलाला तो गेमचं स्टिअरिंग शिकंज्यानं आवळून बसतो, आणि माझी भावजय बिचारी पलंगावर चादर घालून वाकून इस्त्री करते. खाली दुकानात गल्ल्यावरही तीच असते.

तर त्या गेमची नवी आवृत्ती आली. पंचांनी दहापैकी चार दिले. कारण: "तिसऱ्या वळणावर धुकं. पलीकडचं नीट काढायची अक्कल नाही, म्हणून धुकं सोडलंय. आळशी काम." मी टंकलं, पाठवलं.

उत्तरं आली. "कसलं धुकं?" "पंच, टीव्हीची काच पुसा." एका ट्रकवाल्यानं तर त्या वळणाचा फोटोच टाकला.

"विकले गेलेत सगळे," भाऊ तापला. "ताई, लिही. चारचे तीन केले."

मी लिहिलं नाही. "सरक," म्हटलं आणि स्टिअरिंगवर बसले. दुसऱ्या वळणावर भिंतीला धडकले, ते सोडा. गाडी रखडत तिसऱ्या वळणाशी आली तेव्हा मी गेम थांबवला. समोरून ऊन येत होतं, तरी पलीकडची भिंत, तिच्यावरची अक्षरं, सगळं लख्ख दिसत होतं.

"त्या भिंतीवर काय लिहिलंय?"

"काही नाही. कोरी आहे."

"नीट बघ."

"कोरी आहे म्हणतो ना!"

"पंच, ती टायरची जाहिरात आहे."

भावजयीनं इस्त्री उभी करून ठेवली. "वन्सं, पाच-सहा महिने झाले, हवेचा काटा हे मलाच वाचायला लावतात. चष्मा वर राहिला म्हणतात."

"तू गप्प बस गं."

"का बसू? परवा त्या बाईंच्या गाडीत दुप्पट हवा भरत होतात. मी धावले म्हणून!"

म्हणजे याला कधीचंच ठाऊक होतं. आमच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं आणि पुढची नऊ वर्षं ते भिंती चाचपत वावरले. हा तेव्हा सोळाचा. हात धरून त्यांना न्हाणीपर्यंत नेणारा हाच. त्याच्या भीतीला मी मूर्खपणा म्हणणार नाही. पण कुणाचं चाक भर रस्त्यात फुटलं असतं तर?

"घाबरलास, हे मला समजतं," मी म्हटलं. "पण ते गेमवाल्यांच्या माथी का मारतोस? चारशे जणांना सांगत असतोस ना, कारागीर तो हरणारा? मग पड की आता. पाठ टेक. आवाज येऊ दे."

गेम थांबलेलाच होता, तरी तो माझ्या बाजूनं हात घालून स्टिअरिंग डावीकडे फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "तू येशील?"

"मग काय शेजारी येणार?"

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनला आत नेईपर्यंत त्यानं माझं मनगट सोडलं नाही. काळे-निळे वळ चार दिवस होते. डॉक्टरीणबाईंना दहापैकी नऊ मिळाले. एक कापला, कारण त्या काम करताना गुणगुणत होत्या.

दुसरा डोळाही बरा झाल्यावरच्या शनिवारी तो म्हणाला, "ताई, लिही. तिसऱ्या वळणावर धुकं नव्हतं. माझ्या डोळ्यांत होतं. गेल्या सहा महिन्यांतले माझे निकाल धरू नका. ट्रकवाल्या भावाची माफी मागतो."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच पंचांनी निकाल फिरवला होता. ट्रकवाल्यानं ताबडतोब उत्तर दिलं: "पडणं, दहापैकी दहा." भावानं ते मला दोनदा वाचायला लावलं. मग आता आपल्यालाच वाचता येतं हे आठवलं, आणि तिसऱ्यांदा त्यानं स्वतः वाचलं, मोठ्यानं, भावजयीला ऐकू जाईल असं.

मग गेम लावला. तिसरं वळण आलं आणि त्यानं गाडी थांबवली. समोर टक लावून बसला. मला वाटलं, हा आता रडतो की काय.

"ताई, लिही. दहापैकी आठ."

"का रे? दहा का नाहीत?"

"प्रेक्षक बघ. लाल टोपीवाला एकच माणूस चाळीस वेळा बसवलाय. आळशी काम."

मी मोजले. बेचाळीस निघाले.